गेमिंगसाठी पहिला संगणक घेताना : एक कोर, दोन कोर की चार?

विदर्भातल्या तालुक्याच्या किंवा खेड्याच्या ठिकाणी गेमिंगसाठी पहिला संगणक घेणारा मुलगा सहसा नवा कोरा संच घेत नाही. नागपूरच्या सीताबर्डीतून, अमरावतीहून किंवा जिल्ह्याच्या गावातल्या दुकानातून आलेला, एखाद्या कार्यालयातून वा बंद पडलेल्या सायबर कॅफेतून निघालेला जुना संच त्याच्यापुढे ठेवला जातो. त्यावर पेंटियम, ड्युअल कोर, कोअर टू ड्युओ, आय३ अशी निरनिराळी लेबले असतात आणि विकणारा गिगाहर्ट्‌झचे आकडे (मुख्य चिपच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, ठोक्यांचा वेग) सांगतो. घरच्यांनी सोयाबीन किंवा कापूस विकून आलेल्या पैशातून दिलेली ती रक्कम पुन्हा लवकर मिळणारी नसते, म्हणून ही निवड एकदाच आणि विचारपूर्वक करावी लागते. मी स्वतः असा जुना संच शोधून, तपासून गावी आणला आहे आणि नंतर आमच्या भागातल्या अनेकांच्या खरेदीत सोबत गेलो आहे. त्या अनुभवातून, कोणता प्रश्न कधी विचारायचा, याचा क्रम येथे मांडतो.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. गेमिंगसाठी एक कोर असलेल्या प्रोसेसरवर पैसे खर्च करू नयेत. दोन कोरचा प्रोसेसर जुन्या गेमपुरता चालेल, आणि दोन कोर व चार थ्रेड (एका वेळी हाती घेता येणारी कामे; खुलासा तिसऱ्या मुद्द्यात) असलेला तात्पुरती सोय म्हणून घेता येईल. मात्र आजचे गेम खेळायचे असतील, तर खरे चार कोर ही किमान पायरी आहे.

१. आधी गेमची यादी करा

दुकानात जाण्यापूर्वी तुम्हाला प्रत्यक्षात कोणते गेम खेळायचे आहेत, ते वहीत लिहा आणि प्रत्येक गेमच्या अधिकृत पानावर दिलेली किमान आवश्यकता त्यापुढे उतरवून घ्या. ‘सगळे गेम चालले पाहिजेत’ असे म्हणून दुकानात गेल्यास दुकानदार त्याच्याकडे जे शिल्लक आहे तेच दाखवतो.

काही उदाहरणे घेऊ. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ २००५ साली संगणकावर आला आणि त्याची किमान मागणी १ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ३ ची होती. त्यामुळे तो एका कोरवरही चालतो. ‘व्हाइस सिटी’ आणि ‘क्रिकेट ०७’ हे गावोगावी अजून खेळले जाणारे गेमही त्याच काळातले आहेत. २००८ साली संगणकावर आलेल्या ‘जीटीए ४’ ने मात्र किमान कोअर टू ड्युओ मागितला. २०१५ च्या ‘जीटीए ५’ च्या मूळ आवृत्तीची किमान मागणी चार कोरच्या कोअर टू क्वाड क्यू६६०० ची आहे. २०२३ साली आलेला ‘काउंटर-स्ट्राइक २’ चार थ्रेड, ८ जीबी रॅम आणि डिस्कवर ८५ जीबी जागा मागतो. दहा वर्षांच्या आत एका कोरपासून चार कोरपर्यंत ही मागणी कशी चढत गेली, हे या यादीतूनच दिसते. तुमची यादी या चढणीवर कुठे बसते, ते पाहिल्यावर अर्धा निर्णय होऊन जातो.

२. कोर वाढले म्हणजे नेमके काय वाढले, हे समजून घ्या

२००४ पर्यंत संगणक वेगवान करण्याचा सरळ मार्ग म्हणजे गिगाहर्ट्‌झ वाढवणे हा होता. पेंटियम ४ अशा रीतीने ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला, पण त्याची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली आणि पुढे जाणे अवघड झाले. इंटेलने २००४ मध्ये त्याचा नियोजित वारसदार रद्द केला. मे २००५ मध्ये इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ हे घरगुती संगणकासाठीचे दोन कोरचे प्रोसेसर बाजारात आले, आणि जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओने एक कोरचा काळ जवळपास संपवला.

गेम मात्र लगेच बदलले नाहीत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कापूस वेचायला एकाऐवजी दोन बाया लावल्या तर वेचणी निम्म्या वेळात होते, पण शेवटी काट्यावर वजन करण्याचे काम एकाच ठिकाणी, एकामागून एक करावे लागते. वेचणाऱ्या कितीही वाढवल्या तरी काटा तेवढाच वेळ घेतो. गेममध्येही आवाज, नेटवर्क, भौतिक हालचाली, चित्राची तयारी ही कामे वेगवेगळ्या कोरवर वाटता येतात, परंतु खेळाचा मुख्य क्रम सांभाळणारे एक काम एकाच कोरवर चालते. त्यामुळे दोन कोर घेतले म्हणून गेम दुप्पट वेगाने चालत नाही, आणि ज्या जुन्या गेममध्ये कामाची वाटणी केलेलीच नाही, त्यात दुसरा कोर जवळजवळ रिकामा बसतो.

वाटणी करण्याची सक्ती पुढे गेमिंग कन्सोलमुळे झाली. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन कोर होते आणि २०१३ च्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन मध्ये आठ. मोठे गेम कन्सोल आणि संगणक या दोन्हींसाठी एकत्र तयार होत असल्याने, २०१३ नंतरच्या गेमची बांधणीच अनेक कोर गृहीत धरून होऊ लागली. २०१४ चा ‘फार क्राय ४’ तर दोन कोर आणि दोनच थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता. पडदा काळा राहत असे. इथे वेग कमी मिळण्याचा प्रश्नच उरला नाही, गेमचे दारच बंद झाले.

यातून दोन सापळे तयार होतात. पहिला सापळा बेरजेचा आहे. ‘दोन कोर आहेत, प्रत्येक ३ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे ६ गिगाहर्ट्‌झ झाले’ असे सांगितले जाते. ही बेरीज चुकीची आहे. मुख्य कामाला एका वेळी एकाच कोरचा वेग मिळतो. दुसरा सापळा तुलनेचा आहे. ३ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ हा २.१३ गिगाहर्ट्‌झच्या कोअर टू ड्युओपेक्षा वेगवान वाटतो, पण एका ठोक्यात कोर किती काम उरकतो, हे प्रत्येक पिढीत बदललेले असते आणि त्यात कोअर टू ड्युओचा एकटा कोरसुद्धा पेंटियम ४ च्या पुढे आहे. गिगाहर्ट्‌झची तुलना एकाच पिढीच्या प्रोसेसरमध्येच करावी.

३. कोर आणि थ्रेड यांतला फरक ओळखा

इंटेलच्या हायपर-थ्रेडिंग या सोयीमुळे एक कोर संचालन प्रणालीला (म्हणजे विंडोजला) दोन असल्यासारखा दिसतो. त्या कोरचे जे भाग क्षणभर रिकामे राहतात, त्यांना दुसऱ्या कामाला लावण्याची ही युक्ती आहे. त्यातून थोडा फायदा होतो, पण दुसरा कोर निर्माण होत नाही. ही सोय २००२ पासून काही पेंटियम ४ मध्येही होती. म्हणून जुन्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन आलेख दिसले, एवढ्यावरून तो संच दोन कोरचा आहे असे मानू नका.

दोन कोर असलेल्या प्रोसेसरमध्ये मात्र ही सोय असणे किंवा नसणे फार महत्त्वाचे ठरते. दोन कोर व दोन थ्रेडच्या संचावर गेमचा सरासरी वेग बरा दिसतो, पण गोळीबाराच्या ऐन क्षणी चित्र अडखळते, कारण गेमने दोन्ही कोर भरून टाकलेले असतात आणि त्याच वेळी अँटिव्हायरस, विंडोजचा अपडेट किंवा मित्रांशी बोलण्याचे अ‍ॅप आपला वाटा मागत असते. चार थ्रेड असतील तर हे अडखळणे बरेच कमी होते. ‘फोर्टनाइट’ ची किमान मागणी आय३-३२२५ ही आहे. त्यात कोर दोनच, पण थ्रेड चार आहेत.

४. लेबलावर विसंबू नका, पूर्ण मॉडेल क्रमांक मागा

सर्वाधिक फसवणूक आणि सर्वाधिक गैरसमज येथे होतात. ‘आय५ आहे’ हे उत्तर अपुरे आहे. पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि इंटेलच्या किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर त्याचे कोर व थ्रेड स्वतः पाहा.

पेंटियम हे नाव एक कोरच्या पेंटियम ४ लाही आहे, दोन कोरच्या पेंटियम डी लाही आहे आणि नंतरच्या जी मालिकेलाही आहे. जी२०३० किंवा जी३२२० मध्ये दोन कोर व दोनच थ्रेड असतात. २०१७ च्या जी४५६० मध्ये दोन कोर व चार थ्रेड असतात. आपल्याकडच्या बाजारात नुसते ‘ड्युअल कोर’ म्हटले जाते, तेव्हा बहुधा ई५३०० सारखा जुना पेंटियम ड्युअल-कोर दाखवला जातो. तो गेमिंगसाठी घेऊ नये.

डेस्कटॉपचे आय३ सातव्या पिढीपर्यंत दोन कोर व चार थ्रेडचे होते. आठव्या पिढीच्या आय३-८१०० पासून चार कोर आले आणि आय३-१०१०० मध्ये चार कोर व आठ थ्रेड आहेत. म्हणजे नवा आय३ जुन्या आय५ पेक्षा सरस असू शकतो. डेस्कटॉपचा आय५ म्हणजे बहुतेक वेळा चार कोर, पण पहिल्या पिढीचा आय५-६५० त्याला अपवाद असून त्यात दोनच कोर आहेत.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. कार्यालयांतून निघालेल्या लॅपटॉपमधले आय५-६३००यू, आय५-७२००यू, इतकेच काय, आय७-७५००यू सुद्धा दोन कोरचेच आहेत. शेवटी ‘यू’ अक्षर असलेल्या आय५ ला चार कोर आठव्या पिढीत, आय५-८२५०यू पासून मिळाले. आय७ चे लेबल पाहून जास्त पैसे मोजणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांना ही एक ओळ आधी कोणी सांगितली असती तर त्यांचे पैसे वाचले असते.

एएमडीच्या एफएक्स मालिकेची जाहिरात आठ कोर अशी केली गेली, परंतु त्यात दोन-दोन कोर काही भाग वाटून घेतात. या दाव्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये कंपनीने तडजोड केली. जुन्या बाजारात हे प्रोसेसर आले तर आठ कोरच्या भावाने घेऊ नयेत. रायझन ३ ३२००जी मध्ये चार खरे कोर आहेत आणि चित्रासाठीचा भागही बरा आहे, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड लगेच घेणे शक्य नसेल तर तो मला योग्य पर्याय वाटतो. उलट क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ मध्ये, चित्राचा भाग नसतोच. ग्राफिक्स कार्डाशिवाय त्यावर पडदा उजळणार नाही.

५. संचालन प्रणालीची अट तपासा

विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ किमान दोन कोर, ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) मागते, आणि इंटेलच्या बाबतीत तिची अधिकृत यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. एक कोरचे प्रोसेसर येथेच बाद होतात. कोअर टू ड्युओवर युक्तीने विंडोज ११ बसवून देण्याचे आश्वासन मिळाले तरी स्वीकारू नका, कारण तिच्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञा) त्या प्रोसेसरमध्ये नाहीत.

काही ठिकाणी जुना संच वेगवान भासावा म्हणून त्यावर विंडोज ७ घालून दाखवतात. त्यावर १ जानेवारी २०२४ पासून स्टीमला (गेम विकत घेऊन चालवण्याच्या अ‍ॅपला) अधिकृत आधार नाही. ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) या दोन्ही गोष्टी चालू असल्याशिवाय चालत नाही.

६. प्रोसेसरभोवतीचा संच पाहा

सगळे पैसे प्रोसेसरवर घालवून ग्राफिक्स कार्डासाठी काही न उरणे, हाही चुकीचाच सौदा आहे. चार कोरचा मध्यम प्रोसेसर आणि बरे ग्राफिक्स कार्ड ही जोडी, महागडा प्रोसेसर आणि रिकामा स्लॉट यापेक्षा केव्हाही चांगली. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, आणि ती शक्यतो दोन सारख्या पट्ट्यांत असावी. एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असावीच.

कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी किंवा लेनोव्होचे छोट्या आकाराचे संच टिकाऊ असतात, मात्र त्यांत कमी उंचीचेच कार्ड बसते आणि त्यांचा वीजपुरवठा लहान व निराळ्या जोडणीचा असतो. अशा संचासाठी स्लॉटमधूनच मिळणाऱ्या ७५ वॉटवर चालणारे कार्ड निवडावे. जीटी १०३० घेत असाल तर ते जीडीडीआर५ रॅमचे आहे याची खात्री करा. त्याच नावाचे डीडीआर४ चे कार्ड बरेच मंद आहे.

‘आता दोन कोरचा घ्या, पुढे आय५ टाकू’ असा सल्ला मिळाल्यास मदरबोर्डचा सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) विचारा. एलजीए ११५५ वर दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात, चौथ्या पिढीला एलजीए ११५० लागतो. आय३-२१०० असलेल्या बोर्डावर पुढे आय५-३४७० बसवणे हा स्वस्त आणि उपयोगी बदल आहे, फक्त तो विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही हे लक्षात ठेवावे, आणि बोर्डाचा बायोस (बोर्डातली मूळ प्रणाली) त्याला ओळखतो का, हे आधी पाहावे लागते.

७. दुकानात बसून तपासा

सोबत पेनड्राइव्हवर सीपीयू-झेड हे मोफत साधन, तापमान दाखवणारे एखादे साधन आणि शक्य असल्यास तुमच्या यादीतला एखादा गेम घेऊन जा. गेमच्या आवश्यकता लिहिलेली वही आणि केस उघडण्यासाठी स्क्रू ड्रायव्हरही जवळ ठेवा. सीपीयू-झेडमध्ये प्रोसेसरचे नाव, कोर आणि थ्रेड खाली स्पष्ट दिसतात. विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा; परफॉर्मन्स या भागात कोर आणि लॉजिकल प्रोसेसर हे दोन्ही आकडे वेगळे दिलेले असतात. दुकानदाराने सांगितलेला मॉडेल क्रमांक आणि येथे दिसणारा क्रमांक एकच आहे ना, ते पाहा.

त्यानंतर गेम किंवा एखादे जड काम किमान वीस मिनिटे चालू ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच संच चांगले चालतात. उष्णता वाढल्यावर वेग खाली येतो का, हे पाहायचे असते. दुकानदार एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर तो संच तेथेच ठेवून निघावे.

८. कागदपत्रे

घरी निघण्यापूर्वी पुढील गोष्टी हातात असाव्यात:

- जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, ज्यावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅम आणि डिस्कची क्षमता लिहिलेली असेल.
- संच जुना असल्याचा आणि दुकानाने किती दिवसांची हमी दिली आहे, याचा लेखी उल्लेख.
- ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी नवी असल्यास तिचा अनुक्रमांक आणि वॉरंटीचा कागद.
- ऑनलाइन पैसे दिले असल्यास त्या व्यवहाराची नोंद.

साध्या चिठ्ठीवर ‘संगणक १ नग’ एवढेच लिहिलेले असेल तर आय५ च्या जागी काय दिले, हे नंतर सिद्ध करता येत नाही. बिल असल्यास आणि दुकानाने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

९. आपल्या उन्हाळ्याचा आणि विजेचा विचार करून संच बसवा

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे खोली तापली की प्रोसेसर तेवढ्याच प्रमाणात तापतो आणि मर्यादेजवळ पोहोचल्यावर स्वतःचा वेग कमी करतो. जुन्या प्रोसेसरच्या निवडीत याचा थेट संबंध येतो: पेंटियम डी ८४० ला १३० वॉटचे रेटिंग आहे, बहुतेक कोअर टू ड्युओंना ६५ वॉटचे, आणि चार कोरच्या आय५-३४७० ला ७७ वॉटचे. म्हणजे दोन कोरच्या त्या जुन्या प्रोसेसरपेक्षा चार कोरचा प्रोसेसर कितीतरी कमी तापतो आणि विजेचे बिलही कमी करतो.

जुना संच आणल्यावर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावा. वाळ्याच्या किंवा गवताच्या कुलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बाजूने वारा येईल अशी जागा निवडा. घर जिनिंगजवळ असेल किंवा कापूस घरातच साठवला असेल, तर हंगामात त्याचे तूस पंख्यात आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांत अडकते आणि काही आठवड्यांतच हवेची वाट बंद होते. त्या दिवसांत पंधरा दिवसांनी संच बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने तो साफ करावा.

रब्बीत कृषिपंप एकदम सुरू झाले की विजेचा दाब खाली जातो, आणि घर शेतात असून जोडणी गावठाण फीडरवर (गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर) नसेल तर हा त्रास अधिक होतो. अर्थिंग आधी तपासून घ्या, कारण अनेक जुन्या घरांत तिसऱ्या पिनेची तार जोडलेलीच नसते. त्यानंतर यूपीएस घ्या. ६०० व्हीएच्या बहुतेक घरगुती यूपीएसची खरी क्षमता ३६० वॉटच्या आसपास असते. ग्राफिक्स कार्डाचा संच आणि मॉनिटर यांची बेरीज त्याच्या आत बसते का, ते पाहूनच तो निवडावा. वीज गेल्यावर गेम पुढे चालू ठेवण्यासाठी यूपीएस वापरू नका. तो वेळ गेम सेव्ह करून संच नीट बंद करण्यासाठी आहे.